गाजरगवताचा तीव्र इसब : प्रतिकारशक्ती दडपणारे उपचार

गाजरगवताच्या ॲलर्जीमुळे होणारा इसब मलमांना दाद देत नाही, खाजेने झोप उडते किंवा शेतात उतरणेच अशक्य होते, तेव्हा प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे पोटातून दिली जातात.

पार्श्वभूमी : मूळच्या अमेरिका खंडातील या तणाची भारतातील नोंद आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये पुण्याहून केली. त्यापासून होणाऱ्या त्वचारोगाविषयी लोणकर, मिचेल व कॅल्नन यांचा निबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुणे जिल्ह्यात, सोमाटणे-तळेगावसारख्या मावळातील गावांतही, बांध, पडीक जागा व रस्त्यांच्या कडा ही या तणाची जागा.

रोगाचे स्वरूप : तणातील पार्थेनिन या द्रव्याविरुद्ध शरीरातील टी-पेशी चेतवल्या जातात. वाळलेल्या गवताचे कण हवेतून येत असल्याने पापण्या, चेहरा, मान व कोपराच्या लवणी आधी लाल होऊन खाजतात. पुढे कातडी जाड होते. काही रुग्णांत रोग सर्वांगावर पसरतो.

औषधे : भारतात या रोगासाठी ॲझाथायोप्रिन विशेष वापरले जाते. दिल्लीच्या 'एम्स'मधील त्वचारोगतज्ज्ञांनी त्याच्या दैनंदिन मात्रेप्रमाणेच आठवड्यातून एकदा ३०० मिग्रॅ. ही पद्धतही अभ्यासली. गुण येण्यास काही आठवडे लागतात. सायक्लोस्पोरिन लवकर गुण देते, पण रक्तदाब वाढवते व मूत्रपिंडांना इजा करू शकते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास ते प्राणघातक ठरू शकते. गर्भारपणात ते वर्ज्य आहे. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे भडका शमवण्यापुरती, थोडे दिवसच द्यावीत.

दक्षता : उपचारापूर्वी क्षयरोग, हिपॅटायटिस बी व सी आणि एचआयव्ही यांच्या तपासण्या करतात. ॲझाथायोप्रिन पचवणारे टीपीएमटी विकर काहींत जन्मतःच कमी असते. अशांच्या रक्तपेशी या औषधाने धोकादायक प्रमाणात घटू शकतात. म्हणून रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंड यांची तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते. ताप आल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे. जिवंत जंतूंच्या लसी या काळात टाळतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या घेणे किंवा मनाने बंद करणे, दोन्ही घातक.

मर्यादा : औषधे दाह शमवतात, ॲलर्जी कायम राहते व गवताशी संपर्क आला की रोग उलटतो. त्यामुळे तणाचे निर्मूलन हा उपचाराचाच भाग होय. गवत फुलण्यापूर्वी मुळासकट उपटावे. मात्र ते काम रुग्णाने करू नये, इतरांनीही हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच करावे.