पस्तिसावा हिस्सा

टी-५५, सेंच्युरियन, लेपर्ड, एम-६० अशा महायुद्धोत्तर रणगाड्यांचे प्लास्टिकचे किट घ्यायला गेले, की खोक्यावर बहुधा १/३५ हे प्रमाण छापलेले असते. हा आकडा आला कुठून? ब्रिटिश-अमेरिकी प्रतिकृतींची जुनी प्रमाणे फूट-इंचांतून निघाली. ७२ म्हणजे सहा फुटांना एक इंच, ४८ म्हणजे फुटाला पाव इंच. ३५ या हिशेबात कुठेच बसत नाही, आणि दशमान पद्धतीतही तो सोयीचा नाही. त्याचे मूळ जपानमधल्या शिझुओका शहरात, तामिया कंपनीच्या मोटारीवर चालणाऱ्या पँथर रणगाड्यात आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी आलेले हे किट चांगले खपले, तेव्हा त्याच मापात इतर देशांचे रणगाडेही काढावेत असे शुन्साकु तामिया यांच्या मनात आले. त्यांनी पँथर मोजला, तर तो मूळ रणगाड्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाइतका भरला. आणि तेवढाच का, तर त्याच्या पोटात दोन सेल मावावेत म्हणून. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. त्या जन्माची खूणही शिल्लक आहे. त्या काळच्या साच्यांतले एखादे किट हाती आले, तर धडाचा तळ उलटा करून पाहावा. खऱ्या रणगाड्याला जिथे सलग पोलादी पत्रा असतो, तिथे स्विचसाठी खाच आणि स्क्रूंची भोके दिसतात. मोटार गेली, साचा राहिला. प्रतिकृती करणारे आजही ती भोके प्लास्टिकच्या तुकड्यांनी आणि पुट्टीने बुजवतात, मग पॉलिश पेपरने घासून तळ सपाट करतात.

यावर कोणी म्हणेल, योगायोगाने एखादे किट निघेल, साऱ्या जगाचे प्रमाण कसे ठरेल? आक्षेप रास्त आहे. १/३२ हे प्रमाण आधीपासून होते आणि ५४ मिलिमीटरच्या शिशाच्या सैनिकांशी ते जवळपास जुळतही होते. पण तामियांनी सापडलेले माप सोडले नाही. ते अमेरिकेतल्या ॲबर्डीनच्या संग्रहात जाऊन खऱ्या रणगाड्यांचे बारकाईने फोटो काढून आले, आणि रणगाड्याशेजारी जीप, तोफा, सैनिक त्याच मापात येत गेले. फळीवर पस्तिसाव्या हिश्शाची दहा वाहने उभी असली, की अकरावे वेगळ्या मापाचे कोणी घेत नाही. म्हणून २००२ साली तामियाचा टी-५५ आला तेव्हा सेलांची अडचण उरली नव्हती, तरी प्रमाण तेच राहिले. चीनमधल्या ट्रम्पेटर आणि मेंग यांनीही रणगाड्यांसाठी तेच उचलले. आकडा योगायोगाने मिळाला खरा, पण त्याला मान मिळवून दिला तो मोजमापाच्या चिकाटीने.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात आवडी येथे बांधलेला विजयंत रणगाडा उभा आहे. त्याची रुंदी सुमारे ३.१७ मीटर. पस्तिसाने भागली, की नऊ सेंटिमीटर उरतात.