दहावीच्या इतिहासात राजे आणि लढाया कमी का? समजून घ्या

'इतिहास म्हणजे सनावळ्यांची घोकंपट्टी' असं अनेक पालक आजही म्हणतात. पण महाराष्ट्र राज्य मंडळाचं दहावीचं 'इतिहास व राज्यशास्त्र' हे २०१८ मध्ये आलेलं पाठ्यपुस्तक उघडलं, तर त्यात एकाही राजघराण्याचा सलग इतिहास सापडत नाही. पहिल्या दोन प्रकरणांचा विषयच आहे 'इतिहासलेखन', म्हणजे इतिहास लिहिला कसा जातो.

आधीच्या इयत्तांमध्ये काय असतं?

या अभ्यासक्रमात सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुगीन भारत आणि मराठ्यांचा इतिहास, आठवीला आधुनिक भारत व स्वातंत्र्यलढा, तर नववीला स्वातंत्र्यानंतरचा भारत येतो. म्हणजे घटनांचा क्रम नववीपर्यंत शिकवून झालेला असतो. दहावीत प्रश्न बदलतो. 'काय घडलं?' याऐवजी 'ते घडलं हे कशावरून?' असं विचारलं जातं.

पुस्तकात नेमकं काय आहे?

पहिल्या प्रकरणात युरोपातल्या विचारवंतांची ओळख होते. मूळ कागदपत्रांच्या काटेकोर अभ्यासावर भर देणारे लिओपॉल्ड व्हॉन रांके, वर्गसंघर्षाच्या नजरेतून इतिहास पाहणारे कार्ल मार्क्स आणि मिशेल फूको ही त्यातली काही नावं.

दुसरं प्रकरण भारतीय परंपरेचं आहे. त्यात कल्हणाची 'राजतरंगिणी', मराठी बखरी, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मिळवलेली मराठ्यांच्या इतिहासाची साधने हे सगळं येतं. महात्मा फुले यांचं 'गुलामगिरी' (१८७३) आणि ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) हेही इथे भेटतात. राजदरबाराबाहेरच्या माणसांनाही इतिहास असतो, हा यामागचा मुद्दा.

पुढची प्रकरणं उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमं, मनोरंजन, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचं जतन यांवर आहेत.

परीक्षा किती गुणांची?

सामाजिक शास्त्रांच्या १०० गुणांपैकी इतिहास व राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा, भूगोलाचा ४० गुणांचा आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं असतं. इतिहासाच्या वाट्याला मोजकेच गुण येत असल्याने अनेक विद्यार्थी हा विषय शेवटच्या आठवड्यावर ढकलतात.

साधनं तपासली की काय बदलतं? एक उदाहरण

शिवाजी महाराजांच्या जन्माची तारीख. पूर्वी ६ एप्रिल १६२७ (वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९) ही तारीख प्रचलित होती. उत्तरकालीन बखरींसारखी साधनं तिच्यामागे होती. पुढे लोकमान्य टिळकांना जेधे घराण्याकडून 'जेधे शकावली' मिळाली आणि १९१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. या टिपणात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी नोंद आहे. राजस्थानात सापडलेल्या एका जन्मपत्रिकेनेही तिला दुजोरा मिळाला. राज्य सरकारने पुढे हीच तारीख अधिकृत मानली. तिथीनुसार आणि तारखेनुसार जयंती वेगवेगळ्या दिवशी येते, तो मात्र पंचांगाचा भाग आहे. त्याचा या वादाशी संबंध नाही.

वर्षानुवर्षं मान्य असलेली तारीख एका कागदामुळे पुन्हा तपासावी लागली. बखर खोटी आणि शकावली खरी, इतकं हे सरळ नाही. कोणतं साधन घटनेच्या जवळचं आहे, ते कोणी आणि कशासाठी लिहिलं, दुसऱ्या साधनाशी ते जुळतं का, हे पाहूनच निष्कर्ष काढला जातो.

मग हे महत्त्वाचं का?

दहावीनंतर विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत गेलेल्या बहुतेक मुलांसाठी हे शाळेतलं इतिहासाचं शेवटचं पुस्तक ठरतं. त्यानंतर त्यांच्यापर्यंत इतिहास पोहोचतो तो चित्रपट, मालिका, रील्स आणि फॉरवर्ड यांतून. तिथे ना साधनाचा उल्लेख असतो, ना लेखकाचं नाव. अशा मजकुरावरून गावात किंवा घरच्या ग्रुपवर भांडणं होतात, तेव्हा इतिहासलेखनाचा धडा उपयोगी पडतो.

अभ्यास कसा करावा?

• प्रत्येक इतिहासकाराच्या नावापुढे त्याचा मुख्य विचार एका ओळीत लिहावा. जोड्या ओळखण्याचे प्रश्न त्यातून सुटतात.

• 'सकारण स्पष्ट करा' प्रकारच्या प्रश्नात कारणांसोबत एखादं उदाहरण द्यावं.

• जवळचा किल्ला, लेणी किंवा संग्रहालय पाहताना तिथल्या माहितीफलकावरची माहिती कुठून आली असेल, हे स्वतःला विचारावं.

आणि पुढच्या वेळी 'शाळेत न शिकवलेला इतिहास' असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात: हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं आणि कशाच्या आधारावर. ते शाळेत शिकवलेलं असतं.