पुनर्निर्देशन व अर्जातील माहितीचा लोप

पुनर्निर्देशन व अर्जातील माहितीचा लोप : संकेतस्थळावरील अर्ज भरून पाठविल्यावर वेब सर्व्हरने ब्राउझरला दुसऱ्या पत्त्याकडे वळविले आणि त्या वळणावर भरलेला मजकूर गळून पडला, तर त्या दोषास ही संज्ञा लावता येते. वापरकर्त्याला कोरा अर्ज पुन्हा समोर दिसतो किंवा सर्व रकाने भरूनही ‘माहिती अपूर्ण’ असा शेरा मिळतो. त्यामुळे बोलीत या दोषाचे खापर ‘सर्व्हर डाऊन’ या सरधोपट कारणावर फुटते, वास्तविक सर्व्हर सुरू असतो आणि ब्राउझरही त्याला मुभा असलेलीच गोष्ट करीत असतो.

ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत तिची पद्धत कळवितो. पान मागविण्याची पद्धत ‘गेट’ आणि भरलेली माहिती सोपविण्याची ‘पोस्ट’ असून, पोस्टमधील माहिती विनंतीच्या शीर्षओळींनंतर येणाऱ्या मुख्य भागात असते. सर्व्हरने ३०० च्या मालिकेतील स्थितिअंक आणि ‘लोकेशन’ या शीर्षओळीत नवा पत्ता पाठविला की ब्राउझर त्या पत्त्यावर दुसरी विनंती करतो. ती पोस्टच राहिली तर माहिती सोबत जाते, गेट झाली तर जात नाही. उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे आणि मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले आहे. तालुक्याच्या नावावरून वाट धरलेल्या माणसाला घोडेगावचा रस्ता दाखविला, पण हातातला भरलेला अर्ज वाटेतच काढून घेतला, तर जे होईल तेच येथे होते.

इतिहास : वेबचे निर्माते टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ मधील मूळ संकेतप्रणालीत (एचटीटीपी) गेट ही एकच पद्धत होती, त्यामुळे हा प्रश्न नव्हता. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात (इंटरनेटविषयक ‘आरएफसी’ या दस्तऐवजमालिकेतील क्रमांक १९४५) ३०१ म्हणजे कायमचे आणि ३०२ म्हणजे तात्पुरते स्थलांतर असे अर्थ दिले होते. पोस्ट विनंती वापरकर्त्याला विचारल्याखेरीज आपोआप पुढे धाडू नये असे सांगून, काही ब्राउझर तिचे चुकीने गेट करतात, अशी नोंदही त्यात होती. नियम एक आणि वहिवाट दुसरी, अशी स्थिती झाल्यावर नियमकर्त्यांनी वहिवाट मोडण्याऐवजी नवे अंक काढले : जानेवारी १९९७ मध्ये ‘दुसरीकडे गेटने जा’ असे स्पष्ट सांगणारा ३०३ आणि जून १९९९ मध्ये पद्धत न बदलण्याचे बंधन घालणारा ३०७ आला. जून २०१४ च्या आरएफसी ७२३१ ने ३०१ व ३०२ मिळाल्यावर पोस्टचे गेट करण्याची मुभा ऐतिहासिक कारणास्तव अधिकृतपणे मान्य केली, तर कायमच्या स्थलांतरातही पद्धत राखणारा ३०८ हा अंक एप्रिल २०१५ मध्ये प्रमाणित मार्गावर आला. जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये हीच व्यवस्था कायम आहे.

कारणे : दोष बहुतेक वेळा अर्जाच्या प्रणालीत नसून तिच्या पुढे उभ्या असलेल्या सर्व्हरच्या मांडणीत असतो. असुरक्षित पत्त्यावरून सुरक्षित पत्त्याकडे नेणारा सरसकट ३०१ चा नियम, ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावणारा किंवा काढणारा नियम, आणि पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ जोडणारे आपोआप पुनर्निर्देशन ही तीन ठिकाणे प्रथम पाहावी लागतात. अपाची या वेब सर्व्हरमध्ये फोल्डरच्या नावापुढे रेघ नसल्यास ‘डिरेक्टरीस्लॅश’ ही मूळचीच सुविधा ३०१ पाठविते, आणि पत्ते पालटण्याच्या नियमात ‘आर’ या खुणेपुढे अंक न लिहिल्यास ३०२ जातो; एन्जिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये ‘परमनंट’ हा शब्द लिहिला की ३०१ जातो. जँगो या चौकटीत रेघ जोडण्याची सोय सुरू असताना पोस्ट विनंती रेघेविना आली, तर विकासकाच्या तपासणी-स्थितीत ती स्पष्ट त्रुटी दाखविते, पण प्रत्यक्ष वापरात मुकाट्याने वळविते. म्हणून चाचणीत अशी विनंती तपासून पाहिली नसेल, तर प्रणाली पुढे फसू शकते. एन्जिनएक्समधील त्रुटीपानाकडे होणारे अंतर्गत वळणही पोस्टचे गेट करते.

याच्याशी गल्लत होणारा एक निराळा दोष आहे. पीएचपी या संगणकीय भाषेत पाठविलेल्या माहितीची कमाल मर्यादा मुळात ८ मेगाबाइट असते, आणि मोठी छायाचित्रे जोडलेला अर्ज ती ओलांडतो तेव्हा प्रणालीला रकाने रिकामेच मिळतात. तेथे पुनर्निर्देशनाचा काहीही संबंध नसतो.

निदान : सर्व्हरची नोंदवही हा सर्वांत विश्वसनीय पुरावा होय. तीत ‘पोस्ट /अर्ज ३०१’ अशी ओळ आणि लगेच खाली ‘गेट /अर्ज/ २००’ अशी ओळ दिसली की निदान पुरे झाले. दुसऱ्या ओळीतील २०० हा यशाचा अंक असल्याने केवळ त्रुटी चाळणारा प्रशासक मात्र ती पाहूनही पुढे जातो. ब्राउझरच्या विकासक-साधनांतील नेटवर्क विभागात जुन्या नोंदी राखून ठेवण्याची खूण आधी करावी लागते, अन्यथा नवे पान येताच पहिली ओळ पुसली जाते. ‘कर्ल’ या आज्ञावली-साधनाने तपासताना ‘पोस्ट’ पद्धत हट्टाने लादू नये, कारण तसे केल्यास वळणानंतरही पद्धत पोस्टच दिसते आणि मजकूर गळाल्याचे झाकले जाते. ३०१ आणि ३०८ ब्राउझर साठवून ठेवू शकतो, म्हणून दुरुस्तीनंतरची चाचणी खासगी खिडकीतच घ्यावी.

उपाय : अर्जाच्या ‘ॲक्शन’ या गुणधर्मात अंतिम पत्ता, म्हणजे सुरक्षित प्रणाली (एचटीटीपीएस), नेमके यजमाननाव आणि शेवटची रेघ यांसह पूर्ण पत्ता लिहिणे हा खरा उपाय होय. ३०१ च्या जागी ३०८ घालणे ही दुय्यम तटबंदी आहे (एन्जिनएक्सला हा अंक २०१७ च्या १.१३.० आवृत्तीपासून कळतो), कारण असुरक्षित पत्त्यावर पाठविलेला आधार क्रमांक पहिल्याच टप्प्यात उघडा जाऊन चुकलेला असतो आणि नंतरचे कोणतेही वळण तो परत झाकू शकत नाही. सर्वत्र ३०८ वापरावा की नाही, याबाबत एकमत नाही. माहिती जतन झाल्यावर मात्र ३०३ ने पोचपावतीच्या पानाकडे नेणे इष्टच असते, कारण त्यामुळे पान पुन्हा उघडल्यास अर्ज दुसऱ्यांदा जात नाही. मायकेल जुराव्हलेव यांनी २००४ मध्ये या रीतीचा पुरस्कार केला.

जुन्नर व आंबेगाव तालुके : या भागात वेब-अर्जाची दोन टोके आढळतात. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचा (जीएमआरटी) निरीक्षणकाळ मागणारे प्रस्ताव देशोदेशींचे खगोलशास्त्रज्ञ वेबवरूनच सादर करतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रामार्फत चालते. तबकड्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन शाखांवर असून, सर्वांत लांबचे अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. मुदतीच्या दिवशी भरलेला प्रस्ताव वळणावर गळाल्यास पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते, म्हणून अशा प्रणालीत सादरीकरणाच्या वाटेवर पुनर्निर्देशन नसणेच योग्य.

दुसरे टोक म्हणजे जुन्नर, ओतूर, मंचर आणि घोडेगाव येथील महा ई-सेवा केंद्रे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती यांचे अर्ज तेथे भरले जातात, आणि घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असल्याने पश्चिमेकडील डोंगरी गावांतील विद्यार्थ्यांचे वसतिगृह-प्रवेशाचे ऑनलाइन अर्जही त्यांत असतात. अशा केंद्रातील एकाच संगणकावर दिवसभर अनेकांचे अर्ज भरले जात असल्याने साठवलेला ३०१ तेथे सर्वांनाच अडवितो, आणि सर्व्हर दुरुस्त झाल्यावरही ‘शेजारच्या केंद्रात चालते, येथे नाही’ अशी तक्रार उरते. ब्राउझरचा साठा रिकामा केल्यास ती मिटते. रेंज कमी असलेल्या गावांत माहिती जतन होऊन ३०३ पोहोचण्याआधी जोडणी तुटली तर अर्जदार पुन्हा बटण दाबतो; येथे माहितीचा लोप होत नाही, दुबार नोंद होते, आणि ती टाळण्यासाठी प्रत्येक अर्जास एकदाच चालणारा खूणक्रमांक द्यावा लागतो.

मोबाइल ॲप : ॲपमधील विनंत्यांचे वर्तन वापरलेल्या प्रोग्रॅमिंग लायब्ररीनुसार बदलते.

सुरक्षा : माहिती गळणे हाच एक धोका नव्हे. प्रवेशपानावर परवलीचा शब्द घेतल्यानंतर ३०७ ने दुसऱ्या संस्थेच्या पत्त्याकडे वळविल्यास तो शब्द त्या संस्थेकडे जसाच्या तसा पोहोचतो, हे ओऑथ २.० या अधिकारप्रदान-प्रणालीच्या विश्लेषणातून २०१६ मध्ये फेट, क्यूस्टर्स आणि श्मित्झ यांनी दाखविले. जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० मध्ये अशा ठिकाणी ३०७ वापरण्यास मनाई असून ३०३ ची शिफारस आहे.