कोटणीस, बसू आणि सुई : ॲक्युपंक्चर आपल्याकडे कसं आलं?



ॲक्युपंक्चरचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "आपल्या सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांनी आणलं ना ते चीनमधून?" यात आपला कोल्हापूरकरांचाही थोडा वाटा आहे. कोटणीसांचं नाव देशभर पोचवलं ते शांतारामबापूंनी, १९४६ च्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' या सिनेमातून. बापू आपल्या मातीतले, 'प्रभात'ची सुरुवातही १९२९ साली इथलीच. आता सिनेमा म्हटल्यावर थोडं इकडचं तिकडं होणारच. त्यात प्लेगची साथ आहे, स्वतःवर प्रयोग करून घेणारा डॉक्टर आहे. लोकांच्या मनात तेच कोटणीस राहिले.

पण साधी गोष्ट बघा. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच वारले. वय ३२. ते परत आलेच नाहीत, मग आणणार काय?

चीनवर जपानचं आक्रमण झालं तेव्हा सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे मदत मागितली. १९३८ साली सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्यांनी निधी जमवला. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबई बंदरातून पाच डॉक्टर निघाले. प्रमुख अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, आणि कलकत्त्याचे मुखर्जी व बिजॉयकुमार बसू. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा.

कोटणीस होते मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातले, पक्के आधुनिक डॉक्टर. आघाडीवर दिवसरात्र शस्त्रक्रिया, मग तिथल्या मुलांना शिकवणं, नंतर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचं प्रमुखपद. चिनी भाषा शिकून त्या भाषेत ते शल्यचिकित्सेचं पाठ्यपुस्तक लिहीत होते, ते अपुरं राहिलं. सुईचं नव्हे, चाकूचं पुस्तक. फिटचा आजार त्यांना घेऊन गेला. मागे पत्नी गुओ छिंगलान आणि जेमतेम साडेतीन महिन्यांचं बाळ. त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

मग त्या काळी चीनमध्ये सुईची काय अवस्था होती? आपण ऐकतो, पाच हजार वर्षांची अखंड परंपरा. अखंड वगैरे काही नाही हो. मुख्य जुना ग्रंथ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा, हे खरं. पण १८२२ साली खुद्द चिनी सम्राटानं दरबारी वैद्यकसंस्थेतून ॲक्युपंक्चर काढून टाकलं होतं. १९२९ साली तिथल्या सरकारी आरोग्य मंडळानं देशी वैद्यकच बंद करायचा ठराव केला, तेव्हा वैद्य रस्त्यावर उतरले आणि तो बारगळला. नंतर युद्धात औषधंच मिळेनात. सुई स्वस्त, कुठेही नेता येणारी. कम्युनिस्ट भागातल्या चू लिएन या आधुनिक शिक्षण घेतलेल्या डॉक्टरबाईंनी ती हाती घेतली आणि १९५१ साली 'नवं ॲक्युपंक्चर' म्हणून पुस्तक काढलं. नावातच 'नवं' आहे बघा. मग सरकारनं ते उचललं, दवाखान्यांत नेलं, अभ्यासक्रम आखले. आज आपण दवाखान्यात पाहतो ती पद्धत बरीचशी या टंचाईतून आणि या राजकारणातून घडलेली आहे.

हीच सुई बसूंना भेटली. ते १९४३ ला मायदेशी परतले होते. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतातली सुरुवात ही.

मग श्रेय कोटणीसांना का गेलं? माझं मत सांगतो. १९६२ च्या युद्धानंतर चीनचं नाव चांगुलपणानं घेणं अवघड झालं. कोटणीसांचं नाव मात्र कुणाला खटकत नव्हतं. त्यांच्या नावानं समित्या झाल्या, लुधियानात ॲक्युपंक्चरचं रुग्णालय उभं राहिलं. पाटीवर कोटणीस, आत सुया. लोकांनी दोन्ही जोडून टाकलं. त्यात कुणाचा लबाडीचा हेतू नव्हता. पण बसू मात्र विसरले गेले, याचं वाईट वाटतं.

पुढे पश्चिम बंगालनं १९९६ साली ॲक्युपंक्चरसाठी कायदा केला. महाराष्ट्राच्या कायद्यावर साल आहे २०१५. म्हणजे आपल्याकडे कुणी सुया टोचाव्यात याला कायद्याची चौकट यायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला. तोवर ज्याच्या हाती सुई तो तज्ज्ञ!

उपयोग होतो का, हे तुम्ही विचारणारच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं १९९७ साली तज्ज्ञ बसवले. शस्त्रक्रियेनंतरची आणि केमोथेरपीची मळमळ, दात काढल्यावरचं दुखणं, यात फायद्याचा पुरावा त्यांना दिसला. जुनी कंबरदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी यांवर थोडा आराम पडतो. मात्र खोटी सुई टोचली तरी बराचसा आराम पडतो, हेही चाचण्यांत दिसलंय. गुडघ्याला करून बघायचं तर बघा, निर्जंतुक, एकदाच वापरायची सुई आहे ना एवढं विचारा. पण सुया सुरू केल्या म्हणून साखरेची गोळी किंवा बीपीची गोळी बंद करणारे लोक आहेत. ते करू नका. छातीत दुखलं तर थेट दवाखाना.

आता खाण्याचं. सातव्या शतकात सुन सिमियाओ नावाचा मोठा चिनी वैद्य होऊन गेला. आधी आहारानं बघावं, नाही जमलं तर औषध, असं तो सांगतो. आपल्या पथ्यापेक्षा वेगळं आहे का हे? त्यांच्याकडेही पदार्थ उष्ण आणि थंड. मटण उष्ण, आलं उष्ण, मूग थंड. पोट बिघडलं की तेही पातळ भात खातात, म्हणजे आपली पेजच. तालमीत घाम गाळून आल्यावर बदाम-खसखशीची थंडाई पिणाऱ्या आपल्या पैलवानाला चिनी वैद्याचं निम्मं बोलणं दुभाष्याशिवाय कळलं असतं. फरक पडतो तो पाण्याशी. आपण उन्हातून आलो की माठाकडे धावतो. चिनी माणूस भर उन्हाळ्यातही कोमट पाणी मागतो, गार पाण्यानं पोट बिघडतं म्हणतो.

उष्ण-थंड हे काही प्रयोगशाळेत मोजता येत नाही. पण पेज पचते, आल्यानं मळमळ थोडी कमी होते, हे दोन्ही देशांतल्या आयांना ठाऊक होतं. फक्त पेजेत मीठ घालताना बीपीवाल्यांनी हात आखडता घ्यावा, आणि पांढरा रस्सा सर्दीवर औषध म्हणून रोज चालेल का, असं कुणी विचारणार असेल तर त्याचं उत्तर 'नाही' आहे!

बाकी काही शंका असतील तर विचारा, वेळ आहे.