नदीपलीकडचा माणूस

मॅट्रिकचा निकाल लागला तो दिवस मिरगाच्या पावसाचा होता. वाळवंटी तांबडी होऊन वाहत होती. मी दुसऱ्यांदा नापास झालो होतो. घराकडे पाऊल वळेना, म्हणून कारापुरातल्या आमच्या विठ्ठलापूरच्या देवळात जाऊन बसलो. वडील खाणीवर कामाला. रागावले असते तर बरे वाटले असते; पण पहिल्या नापासापासून त्यांनी माझ्याशी बोलणेच टाकले होते.

भजनात पेटी धरणारे एक वृद्ध मास्तर तिथे होते. म्हणाले, "पुता, फारशी शाळा न शिकलेला आपला एक गोंयकार अमेरिकेत हार्वर्डला पंडित म्हणून गेला. धर्मानंद कोसंबी, सांखवाळचे." मी ऐकले 'साखळीचे'. म्हणजे नदीपलीकडचे! पुढे कित्येक दिवस साखळीच्या बाजारात गेलो की त्यांचे घर कोणते असेल, म्हणून मी माड्या न्याहाळत असे.

चूक कळली ती त्यांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र हाती पडल्यावर. सांखवाळ हा गाव झुआरीच्या दक्षिणेला. तिथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. शिक्षण मराठी शाळेतले, तेही थोडेच. प्रकृती अशक्त, वाट्याला घरच्या माडांची देखरेख. विद्येसाठी घर सोडण्याचे त्यांचे सुरुवातीचे प्रयत्न फसले. अशा दिवसांत 'बालबोध' मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि या एका माणसाचा धर्म समजून घ्यायचा, असे मनाशी धरले. स्वतःवरचा भरवसा आटला होता, तिथे बुद्धावरचा भरवसा उभा राहिला.

१८९९ च्या अखेरीस ते निघाले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धधर्म शोधत १९०२ मध्ये नेपाळात गेले, तिथेही निराशाच झाली. मग बोधगयेवरून सिलोन गाठले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी ते श्रामणेर झाले आणि पाली शिकू लागले. पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती. तरी पुढे त्यांनी कलकत्त्यात पाली शिकवली. महाराष्ट्रात राहून ग्रंथ लिहिता यावेत म्हणून ती नोकरी सोडली आणि सयाजीराव गायकवाडांचे महिना ५० रुपये पत्करले.

१९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी ते हार्वर्डला गेले. तिथेही अवहेलना चुकली नाही. श्रेय कोणाचे, यावरून तिथल्या प्राध्यापकांशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले. फर्ग्युसनमध्ये पाली शिकवू लागले. त्या कामासाठी पुन्हा अमेरिकेला गेले, ते पुरे केले. हार्वर्डची ती आवृत्ती छापून आली १९५० मध्ये. त्याआधीच ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला होता.

हे सारे मी एकदा घरी उत्साहाने सांगत होतो. पत्नी तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, "आणि त्यांची बायको?"

मी गप्प झालो. कोसंबी घराबाहेर पडले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. सहासात वर्षांनी, चीवर उतरवून, ते पुन्हा संसारात आले; १९०७ मध्ये मुलगा झाला, तोच पुढे इतिहासकार दामोदर कोसंबी म्हणून नावारूपास आला. पण मधली वर्षे बाळाबाईंनी कशी काढली असतील? त्यांनाही टाकून दिल्यासारखेच वाटले असेल. एकाला स्वतःची किंमत कळावी म्हणून दुसऱ्याने मोल भरले, हे लपवून त्यांची गोष्ट सांगू नये, असे मला तेव्हापासून वाटते.

तरीही ते माणूस मला जवळचे वाटते. श्रद्धेने त्यांना मान मिळवून दिला नाही. मान नसतानाही काम करत राहण्याचे बळ दिले. परळच्या गिरणगावात कामगारांसाठी त्यांनी 'बहुजन विहार' चालवला. जो स्वतः कमी लेखला गेला, त्याने कमी लेखलेल्यांना जवळ केले.

तिसऱ्या खेपेला मी कसाबसा पास झालो. वडील तेव्हाही फारसे बोलले नाहीत. पण तोवर त्यांच्या अबोल्याने स्वतःला मोजायची माझी सवय सुटली होती.

साखळीजवळच हरवळ्याची लेणी आहेत. आत आज शिवलिंगे आहेत. मुळात ती बौद्ध असावीत, असे काही अभ्यासक म्हणतात. मुलांना घेऊन तिथे जातो तेव्हा सांखवाळच्या त्या माणसाची गोष्ट सांगतो, बाळाबाईंसकट. तो साखळीचा नव्हता हेही सांगतो. पण परतताना पूल ओलांडून कारापुरात शिरलो, की अजूनही मान वळते आणि नदीपलीकडे नजर जाते.