लोकवर्गणीतून व्हिडिओ गेमनिर्मिती

लोकवर्गणीतून व्हिडिओ गेमनिर्मिती म्हणजे एखादा व्हिडिओ गेम तयार होण्यापूर्वीच त्याच्या भावी खेळाडूंकडून इंटरनेटद्वारे लहान-मोठ्या रकमा गोळा करून त्या निधीतून तो तयार करण्याची पद्धत होय. या पद्धतीला क्राउडफंडिंग असेही म्हणतात. २०१२ आणि २०१३ या वर्षांत अमेरिकेत काही गाजलेल्या जुन्या भूमिकाप्रधान खेळांचे वारसदार खेळ या मार्गाने उभे राहिले आणि ही पद्धत जगभर परिचित झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या निर्मितीसंस्थेने २०१७ साली ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ या खेळासाठी असा प्रयत्न केला. वर्गणीचे उद्दिष्ट पूर्ण झाले नाही; तथापि खेळ पूर्ण होऊन २०२० साली प्रकाशित झाला.

संज्ञा

ज्या खेळात खेळाडू एका पात्राची भूमिका स्वीकारतो, त्या पात्राच्या वतीने निर्णय घेतो, इतर पात्रांशी संवाद साधतो आणि अनुभवागणिक त्या पात्राची कौशल्ये वाढवत नेतो, त्याला भूमिकाप्रधान खेळ किंवा रोल-प्लेइंग गेम म्हणतात. या प्रकाराचे मूळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद, पेन्सिल व फाशांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या खेळात आहे.

वारसदार खेळ हा मूळ खेळाचा पुढचा भाग नसतो. मूळ खेळाचे नाव, पात्रे आणि कथाविश्व यांचे हक्क बहुधा दुसऱ्या कंपनीकडे असतात. अशा वेळी मूळ खेळाचे निर्माते किंवा चाहते नवे नाव आणि नवे कथाविश्व घेऊन जुन्याच वृत्तीचा खेळ रचतात. दोन्ही खेळांचे नाते रक्ताचे नसते. ते मानसपुत्राच्या नात्यासारखे असते. १९८८ सालच्या ‘वेस्टलँड’चे नाव वापरता न आल्यामुळे १९९७ साली निघालेला ‘फॉलआउट’ हे या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

वर्गणीची पूर्वपरंपरा

अनेकांच्या अल्प योगदानातून मोठे काम उभे करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. सार्वजनिक गणेशोत्सव आजही वर्गणीवर चालतात. स्वदेशी उद्योगांच्या उभारणीसाठी प्रत्येकाकडून एक पैसा घ्यावा या विचारातून अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड सुरू केला आणि त्या निधीतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा १९७६ सालचा हिंदी चित्रपट गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी दिलेल्या प्रत्येकी दोन रुपयांतून तयार झाला. त्याच्या पटकथालेखनात विजय तेंडुलकर यांचा सहभाग होता.

या वर्गण्यांत आणि इंटरनेटवरील वर्गणीत एक महत्त्वाचा फरक आहे. गावातील वर्गणी मागणारा आणि देणारा एकमेकांना ओळखतात. हिशेब विचारण्याची सोय असते. इंटरनेटवर देणारे हजारो असतात आणि ते वेगवेगळ्या देशांत विखुरलेले असतात. त्यामुळे विश्वासाचा आधार ओळख हा राहत नाही. निर्मात्याचे पूर्वीचे काम हाच तो आधार होतो.

कार्यपद्धती

किकस्टार्टर हे या क्षेत्रातील प्रमुख संकेतस्थळ २००९ साली अमेरिकेत सुरू झाले. निर्माता आपल्या प्रकल्पाची माहिती, आवश्यक रक्कम आणि मुदत जाहीर करतो. मुदतीत उद्दिष्टाइतकी रक्कम जमली तरच वर्गणीदारांकडून पैसे घेतले जातात. अन्यथा कोणाकडूनही काही घेतले जात नाही. यशस्वी प्रकल्पाच्या निधीतून संकेतस्थळ पाच टक्के शुल्क आकारते आणि पैशांच्या देवघेवीचा खर्च वेगळा असतो. वर्गणीदाराला रकमेच्या प्रमाणात खेळाची प्रत, छापील पुस्तक, श्रेयनामावलीत नाव अशा भेटी मिळतात.

उद्दिष्ट लवकर पूर्ण झाल्यास निर्माते वाढीव उद्दिष्टे जाहीर करतात. अमुक रक्कम झाल्यास आणखी एक नगर, आणखी एक सोबती, आणखी एका भाषेतील अनुवाद, असे त्यांचे स्वरूप असते. वर्गणीचा ओघ टिकवण्यासाठी हा उपाय प्रभावी ठरतो. पुढील वादांचे मूळही अनेकदा त्यातच सापडते.

वारसदार खेळांची लाट

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ब्लॅक आयल स्टुडिओज या संस्थेने तिरक्या कोनातून दिसणारे, संवादांनी भरलेले भूमिकाप्रधान खेळ काढले. ही संस्था २००३ साली बंद पडली. पुढील काळात मोठे प्रकाशक भव्य त्रिमितीय दृश्यांच्या खेळांकडे वळले आणि जुन्या धाटणीच्या खेळांना भांडवल मिळेनासे झाले.

फेब्रुवारी २०१२ मध्ये टिम शेफर यांच्या डबल फाइन या संस्थेने एका साहसखेळासाठी चार लाख डॉलरचे उद्दिष्ट ठेवले आणि त्यांना ३३ लाखांहून अधिक डॉलर मिळाले. त्यानंतर ब्रायन फार्गो यांच्या इनएक्झाइल एंटरटेनमेंट या संस्थेने ‘वेस्टलँड २’ या उत्तरभागासाठी २९ लाखांहून अधिक डॉलर उभारले. त्याच वर्षी ऑब्सिडियन एंटरटेनमेंटने ‘बाल्डर्स गेट’, ‘आइसविंड डेल’ आणि ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ या खेळांचा वारसा सांगणाऱ्या नव्या खेळासाठी ११ लाख डॉलर मागितले, ७३,९८६ वर्गणीदारांनी किकस्टार्टरवर ३९,८६,९२९ डॉलर दिले. तो खेळ ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ या नावाने मार्च २०१५ मध्ये प्रकाशित झाला.

टॉर्मेंट: टाइड्स ऑफ न्यूमेनेरा

१९९९ साली प्रकाशित झालेल्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’चा नायक स्मृती गमावलेला एक अमर पुरुष आहे. शत्रूचा पराभव करणे हा खेळाचा मुख्य हेतू नाही. माणसाचा स्वभाव कशाने पालटतो, या प्रश्नाभोवती तो फिरतो. आरंभी त्याची विक्री मर्यादित होती, परंतु उत्कृष्ट लेखनाचा नमुना म्हणून त्याचा लौकिक वाढत गेला.

प्लेनस्केप हे कथाविश्व वापरणे शक्य नसल्याने इनएक्झाइलने माँटे कुक यांचे ‘न्यूमेनेरा’ हे अतिदूर भविष्यातील पृथ्वीचे कथाविश्व घेतले. ६ मार्च २०१३ रोजी वर्गणी सुरू झाली. नऊ लाख डॉलरचे उद्दिष्ट पहिल्याच दिवशी काही तासांत पूर्ण झाले. ५ एप्रिलपर्यंत ७४,४०५ वर्गणीदारांकडून ४१,८८,९२७ डॉलर जमले. किकस्टार्टरवर तोपर्यंत कोणत्याही व्हिडिओ गेमला इतकी रक्कम मिळाली नव्हती.

खेळ डिसेंबर २०१४ मध्ये अपेक्षित होता. प्रत्यक्षात तो २८ फेब्रुवारी २०१७ रोजी आला. प्रकाशनाच्या सुमारास वाढीव उद्दिष्टांतील इटालियन अनुवाद वगळला गेल्याचे आणि सोबत्यांची संख्या घटल्याचे स्पष्ट झाले. समीक्षकांनी लेखनाची प्रशंसा केली, परंतु वचन देऊन पैसे घेतल्यावर परस्पर काटछाट केली, असा आक्षेप काही वर्गणीदारांनी घेतला. निर्मितीच्या ओघात आराखडा बदलणे हे या व्यवसायात नित्याचे आहे. मात्र प्रकाशकाच्या पैशावर चाललेल्या कामात असे बदल कार्यालयातच राहतात. वर्गणीच्या कामात ते वचनभंग म्हणून समोर येतात.

वर्गणीदाराचे स्थान

वर्गणीदार हा पूर्ण अर्थाने ग्राहक नसतो, कारण वस्तू अजून अस्तित्वात नसते. तो भागधारकही नसतो, कारण नफ्यात त्याचा वाटा नसतो. किकस्टार्टरच्या नियमांनुसार वचन पाळण्याची जबाबदारी निर्मात्यावर असते. संकेतस्थळ त्याची हमी घेत नाही. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ऑब्सिडियन व इनएक्झाइल या दोन्ही संस्था विकत घेत असल्याचे जाहीर केले. या संस्थांना अडचणीच्या काळात हात देणाऱ्या वर्गणीदारांना त्या व्यवहारात कोणताही आर्थिक हक्क नव्हता.

वर्गणीच्या मोबदल्यात नफ्याचा वाटा द्यायचा झाल्यास तो व्यवहार रोखे कायद्याच्या कक्षेत येतो. भारतात कंपनी कायदा, २०१३ नुसार खासगीरीत्या रोखे देण्यासाठी एका आर्थिक वर्षात सर्वसाधारणपणे २०० व्यक्तींची मर्यादा आहे. सेबीने २०१४ साली या विषयावर विचारार्थ मसुदा प्रसिद्ध केला होता. भेटवस्तू किंवा देणगीच्या स्वरूपातील वर्गणी मात्र भारतात चालते. मुंबईत विशबेरी हे कलाप्रकल्पांसाठीचे असे संकेतस्थळ सुरू झाले होते.

राजी: ॲन एन्शंट एपिक

अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी पुण्यात स्थापन केलेल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा हा पहिला खेळ. तो काटेकोर अर्थाने भूमिकाप्रधान खेळ नसून साहसखेळ आहे. देव आणि असुर यांच्या संघर्षात राजी ही मुलगी गोलू या आपल्या धाकट्या भावाचा शोध घेते. वास्तुरचनेवर राजस्थानी शैलीचा, चित्रांवर पहाडी शैलीचा प्रभाव असून कथेचे काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात दाखवले आहेत.

२०१७ साली किकस्टार्टरवर ठेवलेले उद्दिष्ट मुदतीत पूर्ण न झाल्याने नियमाप्रमाणे संस्थेला काहीही रक्कम मिळाली नाही. पुढे सुपर डॉट कॉम हा प्रकाशक लाभला आणि काम तडीस गेले. खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विचवर व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अन्य यंत्रांवर आला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळाले. २०२२ सालच्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवादांची भर पडली.

मूल्यमापन

अमेरिकेतील यशस्वी वारसदार खेळांना केवळ चांगल्या कल्पनेवर वर्गणी मिळाली नव्हती. त्यांच्यामागे दहा-पंधरा वर्षांपूर्वी ते जुने खेळ खेळलेली आणि आता मिळवती झालेली पिढी होती. निर्मात्यांची नावे तिला माहीत होती. या पूर्वपुण्याईवरच लाखो डॉलर उभे राहिले. पुण्याच्या नव्या संस्थेला असा आधार नव्हता. ज्याचा वारसा सांगून हाक द्यावी असा गाजलेला जुना भारतीय खेळही नव्हता.

त्यामुळे वर्गणीच्या रकमेवरून खेळाची गुणवत्ता ठरवता येत नाही. वर्गणी ही भूतकाळातील कामावरील विश्वासाची मोजणी असते. ‘टॉर्मेंट’च्या वारसदाराला मागितल्याच्या चौपटीहून अधिक पैसे मिळूनही सर्व वचने पाळता आली नाहीत, ‘राजी’ला वर्गणीचा एक पैसाही न मिळता ती पूर्ण झाली.