एक स्टेशन पुढे

कल्याणपासून शहाड म्हणजे लोकलचं एक स्टेशन. पाच मिनिटांचा प्रवास. पण मला परत तिथे जायला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला, त्याची ही गोष्ट.

पहिल्यांदा गेलो ते १९७४ साली. शाळेत नुकताच लागलो होतो. एक सहशिक्षक म्हणाले, "उल्हासनगरला परदेशी पेन स्वस्तात मिळतं." शहाडला उतरलो. पावसाळ्याचे दिवस, चिखल, उघडी गटारं, जुन्या बराकींना जोडलेले पत्रे आणि दुकानदारांची हाकाटी. घासाघीस करून पेन घेतलं. आठ दिवसांत ते गळायला लागलं, खिशावर शाईचा डाग पडला. झालं! शहराबद्दलचं माझं मत कायमचं ठरलं. 'मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद मी वर्गात किती वेळा सांगितला असेल, त्याची गणती नाही. मुलं हसायची. मीही हसायचो.

शिकवायचो मात्र इतिहास!

दोन वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने शहाडला घर घेतलं. "सर, वास्तुशांतीला यायचंच," म्हणाला. गेलो. जेवणाच्या पंगतीत शेजारी एक सिंधी आजोबा बसले होते. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे, मराठी छान बोलणारे. मी सहज विचारलं, "तुमचं गाव कोणतं?" म्हणाले, "कराची. सात वर्षांचा होतो, बोटीतून मुंबईला उतरलो. मग इथे बराकीत. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. आई पापड लाटायची, मी विकायचो." मग जरा थांबून म्हणाले, "सर, तुम्ही सुट्टीत गावाला जाता. आम्ही कुठे जायचं?"

मला घास गिळवेना.

मंडळी, फाळणी मी तीस वर्षं शिकवली. पंजाब आणि बंगालची विभागणी झाली, हे फळ्यावर नकाशा काढून सांगितलं. पण सिंधची विभागणी झालीच नाही, तो अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला, आणि म्हणून सिंधी हिंदूंना स्वतःचं म्हणावं असं राज्यच उरलं नाही, यावर मी कधी थांबलो नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि लोकांचे लोंढे निघाले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी बांधलेल्या छावणीत त्यांना ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर ठेवलं. आजही तिथे पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर एक', 'कॅम्प नंबर पाच' असंच म्हणतात. पंचाहत्तर वर्षं झाली, छावणी पत्त्यातून काही गेली नाही.

आणखी एक. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीच्या कॉलेजातली मुलं मुंबई विद्यापीठाची परीक्षा देत. म्हणजे ही माणसं परकी नव्हतीच. आपल्याच जुन्या इलाख्यातली होती. आणि रोज सकाळी प्रार्थनेनंतर राष्ट्रगीतात सिंधचं नाव मी मुलांकडून म्हणवून घेत होतो. मग वर्गात जाऊन तो विनोद सांगत होतो!

त्या दुपारी आजोबांबरोबर कॅम्प एकमध्ये फिरलो. शहर काही सुंदर झालेलं नाही. तेरा चौरस किलोमीटरमध्ये २०११ च्या जनगणनेप्रमाणे पाच लाखांवर माणसं. गर्दी आहे, वालधुनी नदीचा नाला झाला आहे. ते तसंच दिसलं. पण फर्निचरच्या आणि कापडाच्या त्या दुकानांकडे बघताना या वेळी मला घासाघीस आठवली नाही. पापड विकणारा सात वर्षांचा मुलगा दिसत राहिला.

निघताना त्यांना पेनाची गोष्ट सांगितली. ते खो खो हसले. "सर, किती रुपये गेले?"

विनोदाची गोष्ट मात्र सांगवली नाही. ती इथे सांगतो आहे. माझे जुने विद्यार्थी हे वाचत असतील, तर त्यांनी आपल्या वह्यांत एवढी दुरुस्ती करून घ्यावी.